राणीचे स्मारक आणि चेरीचा ताल

जबलपूरहून भेडाघाटकडे निघालेला रस्ता गढ्याच्या अंगाने शहराबाहेर पडतो आणि तेवरवरून पुढे जातो. तेवर म्हणजे कलचुरींची त्रिपुरी. गढा म्हणजे गोंड राजांची राजधानी. जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटरच्या अंतरात दोन राज्यांचा इतिहास ओलांडला जातो, पण धुवांधारचे तुषार आणि संगमरवरी कडे पाहण्याच्या घाईत असलेल्या प्रवाशाला त्याची जाणीव होत नाही. कलचुरींनी मागे दगड ठेवला. भेडाघाटच्या टेकडीवरील चौसष्ट योगिनींचे दहाव्या शतकातील मंदिर अजून उभे आहे आणि पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. भेडाघाट-लम्हेटाघाट परिसराचा समावेश २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीतही झाला. गोंड राजांनी मात्र मागे प्रामुख्याने पाणी ठेवले, आणि त्या पाण्याचा वाली कोण, हे आजतागायत ठरलेले नाही.

५ ऑक्टोबर २०२३ रोजी, राणी दुर्गावतीच्या पाचशेव्या जयंतीवर्षात, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी जबलपुरात तिच्या स्मारकाचे आणि उद्यानाचे भूमिपूजन केले. सुमारे शंभर कोटी रुपये खर्च, एकवीस एकर जागा आणि बावन्न फूट उंचीचा कांस्यपुतळा, असे त्याचे स्वरूप जाहीर झाले. मध्य प्रदेशची विधानसभा निवडणूक तेव्हा तोंडावर होती आणि त्या विधानसभेच्या २३० पैकी ४७ जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत, हे येथे नमूद करायला हरकत नाही. जबलपूरच्या विद्यापीठाला राणीचे नाव आहे, संग्रहालयाला आहे आणि २०२३ पासून एका व्याघ्र प्रकल्पालाही आहे. बावन्न हा आकडाही योगायोगाने आलेला नाही. राणीचा सासरा संग्रामशहा याच्या राज्यात बावन्न गढ होते असे परंपरा सांगते आणि जबलपुरात बावन्न ताल होते, असेही लोक सांगतात. गढांचा हिशेब इतिहासकार लावत राहतील. तालांचा हिशेब मात्र महसुली दप्तरात आणि नगररचनेच्या नकाशात लागू शकतो. तो लावण्याची कोणालाच फारशी निकड वाटत नाही, हीच खरी अडचण आहे.

यांतील तीन तलावांची नावे एकत्र घेतली जातात. राणीताल राणीचा, आधारताल तिचा मंत्री आधारसिंह कायस्थ याचा आणि चेरीताल तिच्या दासीचा. एकोणिसाव्या शतकात या भागात दीर्घकाळ अधिकारी असलेल्या स्लीमनने गढा-मंडलाच्या राजांचा इतिहास लिहिताना चेरीतालाची आख्यायिका नोंदवली आहे. राणीच्या तलावाचे खोदकाम चालू असताना दासीने एवढेच मागितले, की माणसांनी आणि जनावरांनी रोज काम संपवण्यापूर्वी एक खेप आपण निवडलेल्या जागेतून उपसावी. राणीचा तलाव पुरा होईतो तिचाही छोटा तलाव तयार झाला. आख्यायिका खरी की खोटी हा मुद्दा नाही. राजा, मंत्री आणि दासी या तिघांच्याही नावे तलाव असू शकतो आणि पाणी साठवणे हे राजाच्या मेहेरबानीपुरते मर्यादित नसते, ही समजूत तीत आहे. त्याच स्लीमनने बरेल्याजवळच्या नाल्यापाशी असलेल्या राणीच्या समाधीविषयीही लिहिले आहे. तेथून जाणारा-येणारा वाटेत सापडलेली पांढरी गारगोटी समाधीवर ठेवून पुढे जाई. १५६४ मध्ये असफखानाच्या फौजेशी लढताना राणी तेथे पडली. २४ जूनला गोंड समाज आजही तेथे जमतो.

राणीतालाच्या जागी आता क्रीडासंकुल आणि वस्ती आहे. चेरीताल हे केवळ मोहल्ल्याचे नाव उरले आहे, मढाताल बाजाराचे आणि भंवरताल बागेचे. आधारताल उरला आहे, पण आक्रसून. हनुमानतालाच्या काठावरची मंदिरे आणि वर्दळ टिकून आहे, पण पाण्याची अवस्था कोणत्याही भारतीय शहरातल्या जुन्या तलावासारखीच आहे. मदन महालाच्या काळ्या खडकांच्या टेकड्यांमागचा संग्रामसागर वाचला, याचे श्रेय व्यवस्थेपेक्षा टेकड्यांच्या आडोशालाच अधिक द्यावे लागेल.

हे कसे घडले? अतिक्रमण, भूमाफिया, पुढाऱ्यांचे लागेबांधे ही उत्तरे खोटी नाहीत, पण ती शेवटच्या अंकाविषयी आहेत. पहिला अंक नळाच्या पाण्याचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खंदारी जलाशयातून शहराला नळाने पाणी मिळू लागले आणि तलावावर रोज जाणाऱ्या घरांची संख्या घटू लागली. दुसरा अंक कायद्याचा, आणि तो मराठी वाचकाने विशेष लक्षपूर्वक पाहावा असा आहे. कारण हा मुलूख आपल्याला परका नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो आधी सागरच्या मराठ्यांकडे आणि मग नागपूरकर भोसल्यांकडे गेला, १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांकडे आला आणि १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांताचाच भाग होता. त्यामुळे १९५० मध्ये मालगुजारी संपवणारा जो कायदा नागपूरच्या विधानसभेने केला, तो जबलपूर आणि भंडारा दोघांनाही सारखाच लागू झाला. मालगुजार गेला, हे योग्यच झाले. पण त्याच्या ताब्यातले तलाव ज्यांच्या कष्टावर आणि देखरेखीवर चालत होते त्या गावांकडे न जाता ते सरकारकडे गेले. मध्य प्रदेशच्या १९५९ च्या जमीन महसूल संहितेत कलम २५१ आहे. मध्यस्थांचे हक्क संपण्याच्या वेळी ज्या तलावांवर गावकरी सिंचनाचा वा निस्ताराचा हक्क बजावत होते ते तलाव संपूर्णतः राज्य सरकारात निहित होतील, अशी त्याची रचना आहे. गावकऱ्यांचा वापर हीच सरकारी मालकीची खूण ठरावी, ही विसंगती त्या वेळी कोणाला खटकली असेलच, तर त्याचा परिणाम कायद्यावर झालेला दिसत नाही.

सरकारी मालकी वाईटच असते असे नव्हे. पण सरकारला तलाव दोनच रूपांत दिसतो. शहरात तो भूखंड असतो आणि खेड्यात मासेमारीचा ठेका. पाणी, मासा, शिंगाडा, कमळ, काठावरचे देव, गुरांचा पाणवठा, उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या जमिनीतले पीक, हे सारे मिळून जो तलाव होतो त्यासाठी फायलीत रकाना नसतो.

जबलपूर जिल्ह्याच्या पूर्वेला कुंडम आहे. अनुपम मिश्र यांचे 'आज भी खरे हैं तालाब' हे पुस्तक (१९९३) दिल्लीतील अनेक मराठी घरांत असेल. त्याची सुरुवात होते ती याच भागातल्या चार शेतकरी भावांच्या लोककथेने. हाती परीस लागलेल्या भावांना राजा तो परीस परत देतो आणि चांगली कामे करा, तलाव बांधा, असे सांगतो. त्यांतल्या थोरल्या भावाचा तलाव कुंडमचा. हा विकासखंड गोंडबहुल आहे. गढा आणि भेडाघाट पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्राबाहेर आहेत. म्हणजे गोंडांची जुनी राजधानी कायद्याच्या दृष्टीने आदिवासी क्षेत्र नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांतील लघुजलाशयांचे नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवले. त्यासाठीचे नियम करायला मध्य प्रदेशाला २०२२ चा नोव्हेंबर उजाडावा लागला. या नियमांनी गावच्या तलावातील मासेमारी आणि शिंगाडा यांबाबत ग्रामसभेला अधिकार दिला, हे स्वागतार्ह आहे. पण तो अनुसूचित क्षेत्रांपुरताच मिळाला. तेवरला, गढ्याला वा भेडाघाटला नाही.

आता भेडाघाटच्या पाण्याचाच विचार करू. धुवांधारवरून कोसळणारे पाणी वरच्या अंगाला बरगी धरणातून येते. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की धबधबाच पुराखाली दिसेनासा होतो, इतका या दोहोंचा संबंध निकटचा आहे. नर्मदेवरच्या मोठ्या धरणांतले हे आधी पुरे झालेले धरण. मंडला, सिवनी आणि जबलपूर या जिल्ह्यांतील १६२ गावे त्याने बाधित झाली आणि विस्थापितांत गोंड मोठ्या संख्येने होते. जमिनी गेल्यावर त्यांतले कित्येक जबलपूरच्या रस्त्यांवर रिक्षा ओढू लागले. ज्या जलाशयाने गावे गिळली त्यातली मासळी तरी आमची असू द्या, ही त्यांची मागणी होती. दीर्घ आंदोलनानंतर १९९४ मध्ये विस्थापितांच्या प्राथमिक सहकारी संस्थांच्या संघाकडे मासेमारीचा हक्क आला. नांगर धरणारे हात जाळे विणायला शिकले. संस्था चालल्या, माल बाहेर गेला. मग शतक संपता संपता जलाशय पुन्हा सरकारी मत्स्य महासंघाच्या हाती गेला आणि मालक झालेला मच्छीमार परत मजूर झाला.

होशंगाबादच्या तवा जलाशयावर हेच थोड्या फरकाने घडले. केसल्याच्या किसान आदिवासी संघटनेच्या लढ्यातून उभ्या राहिलेल्या तवा मत्स्य संघाने १९९६ पासून दहा वर्षे जलाशय चालवला; उत्पादन वाढले, मच्छीमाराच्या हाती पडणारा पैसाही वाढला. सातपुड्याच्या संरक्षित क्षेत्राचे कारण पुढे करून डिसेंबर २००६ मध्ये हा हक्क संपवण्यात आला. त्याच डिसेंबर महिन्यात दिल्लीत संसदेने वनहक्क कायदा संमत केला. त्याच्या कलम ३(१)(घ) मध्ये जलाशयांतील मासळी आणि अन्य उत्पादने यांवरील सामुदायिक हक्क शब्दशः नमूद आहे. लोकसभेच्या पत्रकार कक्षात त्या दिवशी सर्वांचे लक्ष जमिनीच्या पट्ट्यांवर होते. पाण्याच्या या चार शब्दांवर फारसे कोणी लिहिले नाही. त्यानंतरच्या काळातही वनहक्काची चर्चा पट्ट्यांच्या संख्येभोवतीच फिरत राहिली.

कायदे आहेत, हक्क मागणारेही आहेत, तरी गाडे अडते कुठे? भंडारा-गोंदियाकडे पाहिले तर काहीसे उत्तर मिळते. पूर्व विदर्भात जुने मालगुजारी तलाव हजारोंनी आहेत. सरकारी भाषेत माजी मालगुजारी, म्हणून लोकांच्या तोंडी 'मामा तलाव'. गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला जमीन देण्याची प्रथा घातली, कोहळी समाजाने ते बांधले आणि ढिवर समाजाने त्यांत मासेमारी केली. भेडाघाटला नाव वल्हवणारा केवट-ढीमर आणि नवेगावबांधला जाळे टाकणारा ढिवर ही एकाच परंपरेची माणसे. पण ढिवर महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या यादीत, तर ढीमर आणि केवट मध्य प्रदेशात इतर मागासवर्गीयांत. तिथे 'माझी' अनुसूचित जमातीत आहे, मग आम्ही का नाही, ही त्यांची जुनी तक्रार आहे. यादीच्या या गुंत्यामुळे पाण्याशी सर्वांत निकटचे नाते असलेला समाज आदिवासी हक्कांच्या कायद्यांत दुय्यम ठरतो. वनहक्क कायद्याखाली त्याला तीन पिढ्यांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते, आणि तलाव ही काही सातबाऱ्यावर कुळाचे नाव लागावे अशी वस्तू नव्हे.

तरीही याच ढिवरांनी गेल्या दोन दशकांत जे काम केले आहे, ते कोणत्याही सरोवर-सुशोभीकरण योजनेपेक्षा मोलाचे आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढिवरांच्या सहकारी संस्थांबरोबर बसून आधी त्यांना काय ठाऊक आहे ते नोंदवून घेतले. कोणत्या तलावात कोणते देशी मासे होते, ते कोणत्या पाणवनस्पतीत अंडी घालत, काठाला देवधान कुठवर उगवत असे. मग बेशरम उपटणे, जुन्या वनस्पती दुसऱ्या तलावातून आणून चिखलात लावणे, मरळीसारख्या देशी जातींना जागा करून देणे, असे काम सुरू झाले. त्यात बाया पुढे होत्या. मासे परतले, पाठोपाठ पक्षीही परतले. येथे तलाव शोभेचा नव्हता, पोटाचा होता, म्हणूनच तो राखला गेला. जबलपुरातही नागरिकांच्या संघटना तलावांसाठी वर्षानुवर्षे अर्ज-निवेदने करीत आल्या आहेत आणि न्यायालयाची दारेही ठोठावली गेली आहेत. पण न्यायालयाचा आदेश अतिक्रमण हटवू शकतो. रोज पहाटे तलावावर जाणारा माणूस तो निर्माण करू शकत नाही. शिवाय टेकड्या-तलावांच्या कडेची अतिक्रमणे हटतात तेव्हा पहिली झोपडी गरिबाची हटते, हे मदन महालच्या टेकड्यांवर जबलपूरने पाहिले आहे. वारसा आणि छप्पर यांना एकमेकांविरुद्ध उभे करणारे संरक्षण फार काळ टिकत नाही.

या साऱ्यावर कडी केली ती २०१७ च्या पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियमांनी. २०१० च्या नियमांत पाणथळ जागेच्या व्याख्येत तलाव आणि मानवनिर्मित पाणथळ जागांचा समावेश होता. २०१७ च्या नियमांनी पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले मानवनिर्मित तलाव आणि सिंचन, मत्स्यशेती, मीठ व मनोरंजनासाठी खास बांधलेल्या रचना वगळल्या. दुरुस्ती, गाळ काढणे, कालव्याची कामे यांत अडथळा नको, हा त्यामागचा प्रशासकीय युक्तिवाद अगदीच निराधार नाही. जलसंपदा खात्यात काम केलेल्या कोणालाही तो समजेल. पण त्याचा परिणाम काय झाला? जलशक्ती मंत्रालयाने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या पहिल्या जलसाठा गणनेत देशात २४,२४,५४० जलसाठे मोजले गेले. ही गणना संसदेच्या स्थायी समितीच्या आग्रहातून झाली होती. त्यांतले ७८ टक्के मानवनिर्मित आहेत. राणीने, मंत्र्याने, दासीने बांधला, लोकांसाठी बांधला, म्हणूनच तो नियमाच्या कक्षेबाहेर, असा हा न्याय आहे. नागपूरकरांना याची प्रचिती फुटाळ्याच्या प्रकरणात आली. भोसलेकालीन फुटाळा तलाव मानवनिर्मित असल्याने २०१७ च्या नियमांनुसार पाणथळ जागा ठरत नाही, यावर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये शिक्कामोर्तब केले. मात्र त्याच निकालात, सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व मानवनिर्मित जलाशयांनाही लागू होते, असेही न्यायालयाने म्हटले. हे दुसरे वाक्य आधारतालसाठी आणि संग्रामसागरसाठी वापरता येण्यासारखे आहे. आणखी एक गोष्ट. भोपाळचा मोठा तलाव हाही माणसानेच बांधलेला आहे, आणि तो २००२ पासून रामसर स्थळ आहे. म्हणजे हाताने बांधलेला तलाव जगाच्या कराराला चालतो, आपल्या नियमाला चालत नाही.

अन्य देशांनी हा प्रश्न कायदेमंडळात सोडवला आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतील ताओस प्युब्लो समाजाचे पवित्र 'ब्ल्यू लेक' १९०६ मध्ये सरकारी जंगलात गेले होते. चौसष्ट वर्षांच्या पाठपुराव्यानंतर डिसेंबर १९७० मध्ये कायदा करून ते सुमारे ४८,००० एकर जमिनीसह परत देण्यात आले. न्यूझीलंडने २००६ मध्ये तेरा सरोवरांच्या तळाची मालकी ते अरावा या माओरी समूहाकडे सोपवली. आपल्याकडे इतके मागण्याचीही गरज नाही. येथे तलावाची मालकी कोणाचीही असो, त्याचा कारभार पाहण्याचा हक्क लोकांना हवा आहे.

पाणथळ जागांचे नियम हे पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे. या कायद्याच्या कलम २६ नुसार प्रत्येक नियम दोन्ही सभागृहांपुढे तीस दिवस ठेवावा लागतो आणि त्या मुदतीत संसद तो बदलू शकते वा रद्द करू शकते. अधिवेशनाच्या दिवशी बारा वाजता मंत्री 'कागदपत्रे पटलावर ठेवतो' असे म्हणून खाली बसतात, सदस्य पुढच्या विषयाकडे वळतात आणि तीस दिवस निघून जातात. २०१७ च्या नियमांची मुदत तर केव्हाच संपली. पण प्रदत्त विधानविषयक समिती दोन्ही सभागृहांत आहे आणि व्याख्येतील ती वगळणूक तिच्यापुढे नेता येते. मूळ हेतू सिंचनाचा असला तरी ज्या तलावावर लोकांचा निस्तार आहे तो पाणथळ जागाच मानला जाईल, एवढी दुरुस्ती पुरेशी आहे. जबलपूर आणि मंडला, भंडारा-गोंदिया आणि गडचिरोली-चिमूर या चार मतदारसंघांच्या खासदारांचा या दुरुस्तीत सारखाच संबंध आहे, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत. दुर्गावतीच्या जयंतीला यांतले किती जण भाषण करतात आणि किती जण समितीला पत्र पाठवतात, याची नोंद येत्या अधिवेशनात ठेवता येईल.